हरणाऱ्यांची वतनदारी

क्रीडास्पर्धा विजेता निवडण्यासाठी भरवतात, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. आणि शाळेच्या पारितोषिक-वितरण समारंभापासून थेट ऑलिंपिकपर्यंत ती इतक्या गांभीर्याने जोपासली जाते की, तिच्याविषयी शंका काढणाऱ्या मनुष्याकडे लोक, हा लहानपणी धावण्याच्या शर्यतीत शेवटचा आला असला पाहिजे, अशा नजरेने पाहू लागतात. तो संशय पत्करूनही आम्ही असे नमूद करू इच्छितो की, फ्रान्सच्या व्यावसायिक रग्बी लीगचा अंतिम सामना, जो तिकडे रात्री नऊनंतर सुरू होत असल्याकारणाने आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, घरातील मंडळींची झोपमोड होणार नाही एवढाच आवाज ठेवून पाहावा लागतो, तो नेमाने पाहत आल्यावर आमची अशी खात्री पटली आहे की, हा सगळा खटाटोप विजेत्याकरिता नसून पराभूताकरिता आहे. विजेत्याला मिळते काय? एक ढाल, एक रात्र, आणि पुढील हंगामातला पहिला पराभव पदरी पडेपर्यंतचा अवकाश. पराभूताला मात्र इतिहास मिळतो, आणि तो त्याच्या पुढल्या पिढ्या वतन म्हणून उपभोगतात.

या लीगला टॉप फोर्टीन म्हणतात आणि तीत संघही चौदाच असतात. फ्रेंच कारभारात इतका सरळपणा अन्यत्र क्वचितच आढळावा. उन्हाळा ओसरताना सुरू झालेला हंगाम पुढल्या जूनच्या अखेरीस संपतो. प्रत्येक संघ उरलेल्या तेरांशी एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या गावी असे २६ सामने खेळतो. जिंकल्यास चार गुण, बरोबरी झाल्यास दोन, प्रतिपक्षाहून तीन ट्राय अधिक केल्यास वर एक बक्षीस, आणि पाच किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास सांत्वनार्थ एक, अशी जी पै-पैची नोंद दहा महिने चालते ती पाहून पेशव्यांच्या फडणिसालाही समाधान वाटले असते. तळाचा संघ दुसऱ्या श्रेणीत बेदखल होतो, माथ्यावरचे सहा पुढे सरकतात, त्यांतल्या पहिल्या दोघांना उपांत्य फेरीचे दार परस्पर उघडते आणि बाकीच्या चौघांना आधी आपापसांत एकेक चकमक करून यावे लागते. एवढा सगळा जमाखर्च बिनचूक मांडून झाल्यावर तो बासनात गुंडाळून ठेवतात, आणि अखेरीस उरलेल्या दोघांना सांगतात की झाले गेले विसरा, ८० मिनिटे खेळा, जो जिंकेल तो फ्रान्सचा विजेता. ज्याने दहा महिने सर्वांहून अधिक गुण जमवले तो या ८० मिनिटांत हरला, तर त्याचे ते गुण कुठल्याही कचेरीत वटत नाहीत. या न्यायाची बारकाईने तपासणी केली तर असे दिसते की, तळच्या संघाचे दुःख हप्त्याहप्त्याने फिटते, उपांत्य फेरीत हरलेल्याचे आठवड्याभरात विरते, आणि सर्वांत कठोर शिक्षा होते ती चौदांमधल्या दुसऱ्या सर्वोत्तम संघाला. तीही खुद्द राजधानीच्या वेशीवर, ऐंशी हजार साक्षीदारांसमक्ष.

या खेळाशी ज्यांचा परिचय नाही अशा वाचकांसाठी चार शब्द सांगणे प्राप्त आहे. प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. चेंडू लंबगोल असतो, त्यामुळे तो जमिनीवर आपटल्यावर कुणीकडे उडेल हे ना मारणाऱ्यास ठाऊक, ना झेलणाऱ्यास. तो घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जायचे आणि तेथे जमिनीला टेकवायचा, की ट्राय होतो व पाच गुण मिळतात. मग खांबांमधून लाथेने चेंडू धाडला तर आणखी दोन. पेनल्टीचे किंवा ड्रॉप गोलचे तीन. अडचण एवढीच की, हाताने चेंडू द्यायचा तो आपल्या मागे असलेल्यालाच द्यावा लागतो, पुढे देणे निषिद्ध. म्हणजे पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मनुष्याने प्रत्येक पावलास मागच्याची संमती घ्यावी, अशी ही योजना ज्या विद्वानांनी केली त्यांना सरकारी कारभाराचा जवळून अनुभव असला पाहिजे. मध्येच काही चूक घडली की स्क्रम होतो. दोन्ही बाजूंचे आठ-आठ धिप्पाड गडी माना खाली घालून एकमेकांत खांदे अडकवतात, दीड टनाहून अधिक मनुष्यवजन समोरासमोर भिडते, आणि मग चणीने लहान असा एक गडी, नवा कारकून मोठ्या साहेबांच्या मेजावर अर्ज सरकवतो तशा अदबीने, त्यांच्या पायांमध्ये चेंडू सरकवून झटकन मागे होतो. आत पुढे काय घडते ते बाहेरच्या कोणालाही धड दिसत नाही, आणि आतल्यांपैकी कोणी खरे सांगत नाही. पंच मात्र त्यावर तत्काळ निवाडा देतो आणि तो सर्वांना मान्य असतो.

पंचाविषयीची ही अदब आम्हांला या खेळातली सर्वांत विस्मयकारक गोष्ट वाटते. पंचाशी बोलण्याचा अधिकार व्यवहारतः फक्त कर्णधाराला. इतरांची वकीलपत्रे नामंजूर. पंचाच्या अंगावर ध्वनिक्षेपक असतो, त्यामुळे तो जे बोलतो ते घरी बसलेल्या प्रेक्षकांनाही ऐकू येते, आणि सव्वाशे किलो वजनाचा, कानाचा आकार पार बिघडलेला, कपाळातून रक्त वाहत असलेला गडी त्याच्यापुढे हात मागे बांधून ‘पंच महाशय’ असे संबोधून बोलतो, हेही ऐकू येते. पिवळे कार्ड दाखवले की असा गडी दहा मिनिटे बाजूच्या खुर्चीवर मुकाट्याने बसून राहतो. हीच माणसे मिनिटभरापूर्वी काय करीत होती हे ज्याने पाहिले आहे त्याला, आपल्या विधिमंडळांतील कामकाज याच नियमांखाली चालवून पाहण्यास काय हरकत आहे, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

आता ज्या वस्तूसाठी हे सारे चालते तिच्याकडे वळू. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते, आणि गदा म्हटली म्हणजे तिची काही शोभा तरी असते. फ्रान्सच्या विजेत्याला मिळतो लाकडाचा एक जडशीळ फळा, ज्यावर पितळेची ढाल ठोकलेली आहे आणि विजेत्यांची नावे कोरलेल्या पट्ट्या आहेत. खेळ राष्ट्रासाठी, अशा अर्थाचे लॅटिन वचन तीवर आहे. हिची कल्पना पियेर द कुबेर्तँ यांची आणि कोरीव काम शार्ल ब्रेन्यूस या कारागिराचे. म्हणून हिला ब्रेन्यूसची ढाल म्हणतात. योगायोगाची गोष्ट अशी की, याच नावाच्या एका गॉल सरदाराने प्राचीन काळी रोम जिंकून खंडणीचे सोने तोलून घेतले होते, आणि वजने खोटी आहेत अशी रोमन लोकांनी तक्रार करताच त्याने आपली तलवारही तराजूत टाकली व हरलेल्यांना तक्रारीचा हक्क नसतो, अशा आशयाचा निर्वाळा दिला, अशी आख्यायिका आहे. त्या सरदाराचा आणि या कोरक्याचा काही संबंध नाही. पण ढालीला शोभणारे याहून समर्पक नाव कोणाला सुचले असते, असे आम्हांला वाटत नाही.

रग्बीच्या पारितोषिकांत आपला म्हणून एक वाटा आहे, हे येथे सांगून टाकलेले बरे. कलकत्त्याच्या इंग्रज मंडळींनी गेल्याच्या गेल्या शतकात तेथे रग्बीचा क्लब काढला होता; मोफत मद्याची सोय होती तोवर सभासदांची चणचण भासली नाही, ती बंद होताच क्रीडाप्रेमही आटले असे सांगतात. १८७८ मध्ये क्लब मोडताना शिल्लक चांदीचे रुपये पेढीतून काढून वितळवण्यात आले, आणि त्यांचा एक चषक घडवून लंडनला नजर केला. त्याच्या कड्या म्हणजे तीन नाग आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी दरसाल झुंजतात, आणि १८८८ नव्हे, चांगल्या सुधारलेल्या १९८८ साली त्यांच्या दोन नामांकित खेळाडूंनी रात्रीच्या मेजवानीनंतर तो चषक एडिंबराच्या हमरस्त्यावरून लाथाडत नेला. हिंदुस्थानच्या रुपयाचे इतके अवमूल्यन नंतर कोणत्याही अर्थमंत्र्याला साधलेले नाही.

असो. ढालीसाठी पहिला सामना २० मार्च १८९२ रोजी पॅरिसमधील बगातेलच्या मैदानावर झाला. या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी संपूर्ण राष्ट्रातून संघ आले होते दोन, आणि ते दोन्ही पॅरिसचेच. त्यामुळे प्राथमिक फेऱ्या, उपांत्य फेरी वगैरे औपचारिकतेचा खर्च वाचला आणि स्पर्धेला थेट अंतिम सामन्यानेच प्रारंभ करता आला. रासिंग क्लबने स्ताद फ्रांसेला ४-३ असे हरवले. पंच होते खुद्द कुबेर्तँ, ज्यांनी चारच वर्षांनी अथेन्समध्ये ऑलिंपिकचे पुनरुज्जीवन घडवून आणले. जिंकण्यापेक्षा भाग घेणे महत्त्वाचे, हे तत्त्व ज्यांच्या नावावर सांगितले जाते ते हेच सद्गृहस्थ. आणि त्या दिवशी नुसता भाग घेण्याचा मान ज्यांच्याकडे गेला त्या स्ताद फ्रांसेला ते तत्त्व फारसे पटले नसावे, कारण पुढल्याच वर्षी त्यांनी रासिंगला हरवून ढाल उचलली.

पॅरिसकरांची ही मिरासदारी लवकरच संपली आणि खेळ दक्षिणेच्या, विशेषतः नैर्ऋत्येच्या, गावागावांत शिरला. तेथे तो असा काही रुजला की टोप्यांच्या एका कारखानदारालाही त्याची बाधा झाली. ओद प्रांतातील कियाँ हे जेमतेम काही हजार वस्तीचे गाव. तेथील झाँ बूरेल नामक गृहस्थांचा टोप्यांचा कारखाना होता. आपल्या टोप्यांची कीर्ती देशभर पसरावी यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देण्याचा क्षुद्र मार्ग सोडून त्यांनी एक संपूर्ण रग्बीसंघच पदरी बाळगला, आणि त्यासाठी शेजारच्या पेर्पिन्याँचे पुष्कळ खेळाडू कियाँला आणून वसवले. त्या काळी रग्बीत पैसे घेणे हे महापातक होते, आणि ते १९९५ पर्यंत तसेच राहिले. परंतु टोप्यांच्या कारखान्यात नोकरी करण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती, आणि नोकराने रविवारी काय करावे हा त्याचा प्रश्न. १९२८ मध्ये हे गाव अंतिम सामन्यात पो या शहराकडून हरले, १९२९ मध्ये लेझिन्याँला ११-८ असे हरवून चक्क फ्रान्सचे विजेते झाले, आणि १९३० मध्ये आजाँकडून ४-० असे हरले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश बेटांतील रग्बीसंघटनांनी, फ्रान्समध्ये खेळाडूंना गुपचूप पैसे चारले जातात व मैदानावर मारामाऱ्या होतात, या कारणांसाठी फ्रान्सशी सामने खेळणे बंद केले. बूरेल यांच्या टोप्या आता मिळत नाहीत. ढालीवर कियाँचे नाव मात्र आहे, आणि जाहिरातीचा इतका टिकाऊ मोबदला आजच्या कोट्यवधी ओतणाऱ्या मालकांपैकी किती जणांना मिळेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पण ही सारी किरकोळ प्रकरणे. पराभवाचे खरे संस्थान पाहायचे असेल तर फ्रान्सच्या मध्यभागी, विझलेल्या ज्वालामुखींच्या पायथ्याशी असलेल्या क्लेरमाँ-फेराँ या शहरी गेले पाहिजे. या शहराने जगाला मिशेलिनचे टायर दिले आणि त्याच घराण्यातील मार्सेल मिशेलिन यांनी १९११ मध्ये येथे जो क्लब स्थापन केला त्याने जगाला अंतिम सामना कसा हरावा याचे शास्त्र दिले. निळ्या-पिवळ्या पोशाखाचा हा संघ १९३६ मध्ये प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला आणि नारबॉनकडून ६-३ असा हरला. यात काही विशेष नव्हते. पहिल्या खेपेस कोणीही हरतो. १९३७ मध्ये पुन्हा पोहोचला आणि व्हिएनकडून हरला. मग या धक्क्यातून सावरण्यासाठी त्याने तेहेतीस वर्षांची रजा घेतली, आणि १९७० मध्ये ताजातवाना होऊन परतला तो ला व्हूल्त नावाच्या रोन नदीकाठच्या एका लहानशा गावाकडून ३-० असा हरण्यासाठी. १९७८ मध्ये बेझिएने ३१-९ असे लोळवले. १९९४, १९९९ आणि २००१ या तिन्ही वेळी तुलूझने हरवले.

येथवर सात झाले. सात पराभवांनंतर कोणत्याही व्यवहारी नगरपालिकेने मैदानाचा भूखंड विकून तेथे बाजारपेठ उभारली असती. क्लेरमाँने उलट प्रशिक्षणासाठी थेट न्यूझीलंडहून व्हर्न कॉटर नावाचे एक कडक शिस्तीचे गृहस्थ आणवले, आणि त्यांच्या हाताखाली प्रगतीचा वेग एवढा वाढला की, पूर्वी जे पराभव दहा-वीस वर्षांनी एकदा घडत ते आता दरसाल घडू लागले. २००७ मध्ये स्ताद फ्रांसेकडून २३-१८, शेवटच्या घटका भरत असता हातातोंडाशी आलेली ढाल निसटून. २००८ मध्ये पुन्हा तुलूझकडून. २००९ मध्ये पेर्पिन्याँकडून. एकूण दहा. दहा अंतिम सामने आणि दहा पराभव, त्यांपैकी चार एकट्या तुलूझच्या हातचे. हा प्रकार केवळ दुर्दैवाने घडत नाही. दुर्दैवालाही इतके सातत्य झेपत नाही. त्याला संघटना लागते, पिढीजात निष्ठा लागते. संघाचा कर्णधार ओरेलियाँ रूजरी हा त्याच शहराचा, आणि त्याचे वडीलही याच संघाकडून खेळलेले. शहरातल्या झोदच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर दरवेळी हजारोंनी लोक जमत, हरल्यावर रडत, आणि पुढल्या खेपेस पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहत; त्यांत ज्या आजोबांनी १९३७ ची हकीकत स्वतः ऐकली असेल ते नातवाला खांद्यावर घेऊन, आपण का हरतो याची कारणमीमांसा करीत असणार, यात आम्हांला संदेह नाही.

आणि मग २९ मे २०१० रोजी क्लेरमाँने पेर्पिन्याँला १९-६ असे हरवले. ७४ वर्षांचा तगादा फिटला. शहर रस्त्यावर आले, आणि त्या आनंदाला आमचा मुळीच विरोध नाही. पण एक तटस्थ निरीक्षक म्हणून हे सांगणे भाग आहे की, त्या रात्री क्लेरमाँची जगावेगळी ओळख गेली आणि ढालीवर ज्यांची नावे आहेत अशा इतर अनेक गावांपैकी ते एक गाव झाले. सुदैवाने क्लबच्या चालकांना ही गोष्ट वेळीच उमगली असावी. त्यांनी मोर्चा युरोपच्या चषकाकडे वळवला आणि २०१३, २०१५ व २०१७ असे तिन्ही अंतिम सामने हरून दाखवले. त्यांतला पहिला अवघ्या एका गुणाने. देशातही २०१५ आणि २०१९ मध्ये अंतिम सामना गमावला. मध्येच २०१७ मध्ये तूलाँला हरवून ढाल मिळवली खरी, पण चौदा अंतिम सामन्यांत दोन विजय एवढे प्रमाण परंपरेला बाध आणणारे म्हणता येणार नाही.

हरण्याच्या पद्धतींतही तारतम्य असते. आजाँचेच पाहा. कियाँला हरवणाऱ्या या शहराने ढाल आठ वेळा मिळवली आहे, त्यामुळे त्याच्याविषयी आम्हांला फारशी सहानुभूती नाही. तरीही १९८४ मध्ये त्याच्या वाट्याला जे आले ते शत्रूच्याही येऊ नये. बेझिएविरुद्ध जादा वेळ धरूनही २१-२१ अशी बरोबरी राहिली, आणि ज्या खेळात पंधरा माणसांनी मिळून भिंत फोडायची असते त्याचा निकाल एकेका गड्याने शांतपणे उभे राहून मारलेल्या लाथांवर लावण्यात आला. आजाँ ३-१ असे हरले. १९९० मध्ये तर त्यांना गुलाबी बोने हरवले. रासिंगच्या काही खेळाडूंनी गळ्यात गुलाबी बो बांधून तो अंतिम सामना खेळला, मध्यंतरात मैदानावरच शॅम्पेनचे पेले रिचवले, आणि जादा वेळेत २२-१२ असा विजय मिळवून ते चालते झाले. वाचकहो, दहा महिने पहाटे उठून दंडबैठका काढाव्यात, गोड खाणे वर्ज्य करावे, आणि ऐन सामन्यात समोरून शॅम्पेनचा दरवळ यावा, या दुःखाची कल्पना करून पाहा. त्या खेळाडूंपैकी फ्रांक मेनेल यांनी आधीच मित्रासमवेत कपड्यांचा व्यवसाय काढला होता आणि त्याची निशाणी हाच गुलाबी बो. बूरेल यांच्या टोप्यांनंतर साठ वर्षांनी हा धंदा पुन्हा पूर्वपदावर आला म्हणायचा.

ग्रनोबलचे प्रकरण मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही. १९९३ च्या अंतिम सामन्यात कास्त्रकडून खेळणाऱ्या न्यूझीलंडच्या गॅरी व्हेटनला जो ट्राय बहाल झाला, त्यात चेंडू आधी ग्रनोबलच्या खेळाडूने टेकवला होता. कास्त्र १४-११ असे जिंकले. पंचांनी चूक कबूल केली ती तेरा वर्षांनी. आता असल्या प्रसंगी चित्रण पुन्हा पुन्हा पाहून निवाडा होतो. त्या वेळी ती सोय नव्हती, आणि तेरा वर्षांनी आलेल्या कबुलीजबाबावर फेरतपासणीची तरतूद ब्रेन्यूसच्या दप्तरात आजही नाही.

गेल्या काही वर्षांत अंतिम सामन्यालाही देशाटनाची हौस आली आहे. २०१६ मध्ये युरोपची फुटबॉल स्पर्धा फ्रान्समध्ये भरल्याने पॅरिसचे मोठे मैदान अडकले होते, म्हणून हा अस्सल फ्रेंच सोहळा स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या काम्प नोउ मैदानावर हलवला गेला. तारीख २४ जून. त्याच दिवशी सकाळी ब्रिटनने युरोपातून बाहेर पडण्याचा कौल दिल्याचे जाहीर झाले होते, आणि त्याच दिवशी रात्री फ्रेंच लोक आपल्या घरचे भांडण शेजाऱ्याच्या अंगणात खेळत होते. पाहायला ९९,१२४ लोक आले, आणि तो एखाद्या देशातील क्लबांच्या रग्बी सामन्यासाठी उच्चांक ठरला. रासिंगचा एक गडी अठराव्या मिनिटालाच लाल कार्ड मिळून बाहेर गेला. उरलेल्या चौदांनी तूलाँच्या पंधरांना २९-२१ असे हरवले. तूलाँकरांनी त्यानंतर स्वतःला काय समजावले असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

२०२४ मध्ये ऑलिंपिकमुळे पॅरिस पुन्हा अडले आणि सामना मार्सेयला झाला. तेथे तुलूझने बॉर्दो-बेगल्सला ५९-३ असे हरवले. हा पराभव आम्हांला अभिरुचीस सोडून वाटला. हरणाऱ्याला निदान ‘जर’ आणि ‘तर’ यांचा आधार शिल्लक ठेवावा, हा विजेत्याचा धर्म आहे. ५९-३ मध्ये ‘जर’ कुठे घालणार? पुढच्याच वर्षी तेच दोघे पॅरिसात पुन्हा समोरासमोर आले, आणि या वेळी तुलूझने जादा वेळेत ३९-३३ एवढ्याच फरकाने जिंकून आपली सभ्यता सिद्ध केली. तुलूझचे ते चोविसावे विजेतेपद. चोविसाव्या ढालीचा आनंद कितीसा होत असेल, हे पहिलीसाठी ७४ वर्षे थांबलेल्या माणसाला विचारावे.

सामना संपल्यानंतरची वहिवाट तर खास पराभूतासाठीच आखलेली दिसते. हरलेल्यांनी आधी आपली पदके घ्यायची, मग दोन रांगा करून उभे राहायचे, आणि विजेते त्यांमधून जाताना टाळ्या वाजवायच्या. ज्याने तासाभरापूर्वी बरगडीत खांदा मारला त्याच्यासाठी टाळ्या वाजवणे हे संतत्वाचे लक्षण आहे. त्यानंतर दोन्ही बाजूंनी एकत्र खाण्यापिण्याचा जो कार्यक्रम असतो त्याला फ्रेंच लोक सामन्याचा तिसरा अर्धा भाग म्हणतात. दोहोंहून अधिक अर्धे असू शकतात, हे गणित मद्याच्या मदतीशिवाय सुटणारे नव्हे. विजेते ती रात्र ढाल घेऊन मद्यालयांमागून मद्यालये पालथी घालतात. पराभूत लवकर झोपतात, आणि सकाळी उठून पुढल्या वर्षाची भाषा करतात.

आपल्याकडेही २०२५ च्या जूनमध्ये, मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात, रग्बी प्रीमियर लीग या नावाने व्यावसायिक लीग भरली. ती पंधरांची नव्हे, सात-सात गड्यांची. एकेक सामना एवढा आटोपशीर की, मैदानाबाहेर चहा सांगितला तर कप हाती येईतो निकाल लागावा. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झना ४१-० असे हरवले. उपक्रम स्तुत्य आहे आणि तो वाढावा अशी आमची मनापासून इच्छा आहे. पण पराभवाची परंपरा अशा घाईघाईत तयार होत नसते. तिला निदान ८० मिनिटे द्यावी लागतात, आणि दिल्लीकरांनी पुढल्या दहा-अकरा अंतिम सामन्यांत निष्ठेने हजेरी लावली पाहिजे.

तेव्हा ज्या वाचकांना जूनच्या अखेरीस एका रात्रीची झोप खर्च करून हा सोहळा पाहावासा वाटेल त्यांनी आपला म्हणून एक संघ आधी निवडावा, आणि तो विजेत्यांतून निवडू नये, एवढीच आमची विनंती. क्लेरमाँ आता थोडे बिघडले आहे. ला रोशेलचा विचार करता येईल. २०२१ आणि २०२३ मध्ये ते अंतिम सामन्यात तुलूझकडूनच हरले, दुसऱ्या वेळी तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, आणि त्यांच्या नावाची पट्टी ढालीवर अजून चढलेली नाही. पण ज्यांना पक्के, जुन्या घडणीचे काही हवे असेल त्यांनी दाक्सचा पक्ष घ्यावा. गरम पाण्याच्या झऱ्यांचे हे गाव सांधेदुखीवर चिखलाचे उपचार करण्यासाठी विख्यात आहे, म्हणजे रग्बीच्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही सोयी तेथे एकाच ठिकाणी होतात. दाक्स १९५६ मध्ये लूर्दकडून हरले, १९६१ मध्ये बेझिएकडून, १९६३ मध्ये शेजारच्याच माँ-द-मार्साँकडून, १९६६ मध्ये आजाँकडून एका गुणाने, आणि १९७३ मध्ये तार्बकडून. पाच अंतिम सामने झाले. विजय एकही नाही. हल्ली त्यांचा संघ पहिल्या श्रेणीतसुद्धा नाही, त्यामुळे नव्या अनुयायांना जागा पुष्कळ आहे.